काचेच्या नळीतलं तूप

सोजराबाईच्या तुपाला थंडीत सुरी लागायची. चमचा घातला तर चमचाच वाकतो, असं ती सांगायची, आणि ऐकणाऱ्यानं लगेच मान हलवली नाही तर उठून खरोखरीच चमचा आणायची. धामणगाव बढ्यापासून दोन कोसांवरच्या त्या खेड्यात कुणाच्याही घरी बाळंतीण असली तरी तिच्या तोंडी पहिली वाटी सोजराबाईच्या तुपाची. तूप कढत आलं की ती त्यात विड्याचं पान सोडायची, आणि ते पान कुरकुरीत होईपर्यंत गल्लीतून जाणाराही पावलं आखडती घ्यायचा. बाईला याचा गर्व होता. आता गर्व करण्यासारखी वस्तू घरात एकच असली की ती जरा जास्तच मिरवली जाते.

त्या साली मघा नक्षत्रानंतर पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. ज्वारीची ताटं कमरेएवढीच राहिली. कडबा दिवाळीनंतर दोन महिनेही पुरेल असं दिसेना. कापूस मात्र तगला. सोजराबाईचा नवरा शालिग्राम आणि मुलगा इंद्रभान दुसऱ्यांच्या कापसाच्या गाड्या मलकापूरच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, पोचवायचे आणि येताना सरकीची पोती घेऊन यायचे. ती सरकी सोजराबाई रात्रभर भिजत घालायची आणि सकाळी टोपलं कडेवर घेऊन दोन्ही म्हशींना स्वतःच्या हातानं चारायची. म्हशींना चारणं तिचं, डेरा घुसळणं सुनेचं, अशी त्या घरची वाटणी होती.

सून कोकिळा घाटावरची, जानेफळची. लग्नाला तीन वर्षं झाली होती. आल्या आल्या ती एकदाच बोलली होती, "आमच्याकडं म्हशी गवतावर राहतात, आत्याबाई. सरकी इतकी नाई घालत कोणी."

"म्हणूनच तुमचं तूप वाटीतून वाहते," सोजराबाई म्हणाली होती, आणि ही गोष्ट तिनं पुढं आठ घरी सांगितली. कोकिळा त्यानंतर म्हशींच्या बाबतीत बोलली नाही.

त्या थंडीत धामणगावला नवल घडलं. तुपाचे व्यापारी नारायणराव यांच्या वखारीत मागच्या खोलीला सरकारनं काचेची कपाटं दिली, तराजू दिला आणि नागपूरहून एक माणूस दिला. दोन वर्षांमागं दिल्लीला कायदा झाला होता, शेतीच्या मालाची प्रत पाहून त्याला सरकारी छाप लावायचा. बाजारात डब्यातलं वनस्पती तूप आल्यापासून मुंबईचं गिऱ्हाईक खेड्याच्या तुपाचा वास घेऊनही खात्री धरत नव्हतं. छापाचा डबा मात्र डोळे मिटून घेत होतं. तपासणीला शेतकऱ्याला काही पडत नव्हतं, सगळं सरकारच्या अंगावर.

सोजराबाई स्वतः गेली. डोक्यावर तुपाची बरणी, पायात नवऱ्याच्या वहाणा. मागच्या खोलीत वामनराव नावाचा तो नागपूरचा माणूस बसला होता. तिशीतला, चष्मेवाला, बोटांना औषधांचे पिवळे डाग. भिंतीला लागून काचेच्या नळ्या उभ्या होत्या, बोटाएवढ्या जाड, इतक्या स्वच्छ की आत काही आहे की नाही ते कळू नये. सोजराबाईनं आयुष्यात काच पाहिली ती बांगडीची आणि कंदिलाची. ती दारातच थबकली.

"एवढ्याशा नळीत काय दिसते, साहेब?"

"तुपात जे असेल ते," वामनराव म्हणाले. "तूप कुणी काढलं? कागदावर काढणाऱ्याचं नाव लागतं."

"लिहा, सोजराबाई शालिग्राम," ती म्हणाली. घुसळणाऱ्या हाताची तिला आठवणसुद्धा झाली नाही.

पुढच्या बाजाराला शालिग्राम धामणगावहून परत आला तो बैल न सोडताच गाडीवर बसून राहिला. मग त्यानं खिशातून चिठ्ठी काढली.

"काय मनते सरकार?" सोजराबाईनं विचारलं.

"छाप नाई मनते." शालिग्राम खाली बघून बोलला. "तुपात सरकीचं तेल हाये मनते."

सोजराबाई आधी हसली. मग तिनं चिठ्ठी हातात घेतली, वाचता येत नव्हती तरी उलटीसुलटी पाहिली, आणि तिच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. तेल! तिच्या तुपात!

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी उठली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. दुष्काळाचं साल, म्हशी खंगल्या, म्हणून तूप हलकं झालं असणार आणि त्या नळीला ते तेल वाटलं असणार. म्हशींना चांगलं चारलं की तूप आपोआप घट्ट होईल. तिनं सरकीचं टोपलं भरलं ते शिगोशीग, आणि एकाऐवजी दोन वेळा. चांदी नावाची म्हैस तर इतकी खूष झाली की टोपलं दिसलं की दावं ताणायची. तीन आठवड्यांनी तूप निघालं ते दगडासारखं. सोजराबाईनं त्यावर बोटानं टकटक करून पाहिलं आणि बरणी धामणगावला पाठवली.

दुसरी चिठ्ठी आली. नारायणरावांनी शालिग्रामला बाजूला घेऊन सांगितलं होतं, सरकीचं तेल असलं की औषधानं नळी लाल होते, आणि या खेपेला ती पहिल्यापेक्षा लाल झाली. "शालिग्राम, तुझ्या घरी कोणाचा तरी हात वाईट हाये," असंही ते म्हणाले होते, आणि वखारीत चार माणसं उभी होती.

चार माणसांचं गाव व्हायला किती वेळ लागतो? दोन दिवसांत विमलबाईकडून वाटी परत आली. विमलबाई शेजारीण, तिची मुलगी बाळंत होऊन आठ दिवस झाले होते, आणि सोजराबाईनं आपल्या हातानं नेऊन दिलेली ती वाटी होती. जशीच्या तशी भरलेली. वर झाकलेलं फडकंसुद्धा निघालं नव्हतं. "पोरीचं पोट जड हाये, तूप पचत नाई," असा निरोप होता. सोजराबाई वाटी हातात धरून दारात उभी राहिली आणि तिला पहिल्यांदाच आपल्या अंगणात उभं राहायची लाज वाटली.

लाज वाटली की माणूस दुसऱ्याच्या अंगावर धावतं. तिला नारायणरावांचं बोलणं आठवलं. कोणाचा तरी हात. म्हशींना चारणारा हात तर तिचाच होता. मग डेऱ्याजवळ कोण असतं?

कोकिळा तेव्हा रवीची दोरी ओढत होती. सोजराबाई तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"लोणी कोठी जाते?"

"कोणतं लोणी, आत्याबाई?"

"लोणी विकून तेल भरत नसशील तं नळी लाल काऊन होते? सांग! लाल काऊन होते?"

कोकिळेच्या हातातली दोरी थांबली. डेऱ्यातलं ताक तेवढं थोडा वेळ फिरत राहिलं. सोजराबाईनं उत्तराची वाट पाहिली नाही. ती आत गेली, सुनेची पत्र्याची पेटी ओढली आणि माजघरात उपडी केली. दोन लुगडी, कुंकवाचा करंडा, एक फणी, आणि चिंधीत गुंडाळलेली मुठीएवढी बरणी. तिनं चिंधी सोडली. आत तूप होतं. मऊ, पिवळं, बोटाला लगेच वितळणारं.

"हे कायचं?"

"माह्या मायनं देलं होतं, संक्रांतीले." कोकिळेचा आवाज जमिनीवरून आल्यासारखा आला. "तुमच्यापुढं काढलं असतं तं तुमी हासल्या असत्या. म्हणून ठेवून देलं."

सोजराबाईला तेव्हाच थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. काय काय बोलली ते सांगण्यात अर्थ नाही. घाटावरच्या माणसांपासून सुरुवात झाली आणि तीन वर्षांत न भरलेल्या कुशीपर्यंत गेली. इंद्रभान दारात उभा राहून नुसता ऐकत होता. कोकिळेनं पेटी परत भरली. मग डेऱ्याजवळ जाऊन रवीची दोरी सोडली, गुंडाळली आणि सासूच्या पायाशी ठेवली.

"माह्यं नाव साफ होईस्तोर मी या दोरीले हात नाई लावणार. दादाले निरोप धाडा. बाजाराच्या दिशी तो गाडी घेऊन येईन. मंग मी अठी राह्यणार नाई."

एवढंच बोलली. रडली नाही, आणि तेच सोजराबाईला फार लागलं. चोरी करणारी बाई अशी बोलत नाही, हे पन्नास वर्षं जगलेल्या बाईला कळतं. पण बोललेलं मागं घ्यायचं कसं, तेल तर नळीत दिसलं होतं.

सकाळी ती कुणाला न सांगता निघाली. अनवाणी. वखारीत नारायणराव "अवो बाई, तिकडं कोठी" म्हणेपर्यंत ती मागच्या खोलीत पोचलीही.

"साहेब, तुमची नळी खोटी बोलते काय?"

वामनरावांनी चष्मा काढला. "नळी खोटं बोलत नाही, बाई."

"माही सून बी खोटी बोलत नाई." हे वाक्य तिच्या तोंडून निघालं आणि तिलाच ते ऐकून धक्का बसला. "दोघी खऱ्या असतील तं माह्या घरी येऊन पाहा. दूध तुमच्या डोळ्यांपुढं काढते. लाख लावा, कुलूप लावा, काय लावाचं ते लावा. तुमी सरकारचे माणूस ना? का फक्त नाई म्हणायले बसवलं तुमाले अठी?"

नारायणराव मागून हात जोडून खुणावत होते. वामनराव मात्र तिच्या धुळीनं भरलेल्या पावलांकडं बघत होते. "दुसऱ्या नमुन्यात रंग वाढला," ते स्वतःशीच म्हणाले. "पकडला गेलेला माणूस तेल कमी घालतो, वाढवत नाही. मलाही ते कोडंच आहे. येतो मी."

ते आले. दोन पेट्या आणि एक शिपाई घेऊन आले आणि चावडीत उतरले. संध्याकाळी चांदीच्या कासेखाली त्यांनी स्वतःची घासलेली चरवी धरायला दिली. दूध तापवलं, विरजण त्यांच्याच बाटलीतलं लावलं, भांड्याला फडकं बांधून लाखेचा शिक्का मारला. सारं गाव कुंपणावर टेकलं होतं. विमलबाई सर्वांत पुढं.

दुसऱ्या दिवशी शिक्का फुटला आणि रवी सोजराबाईनं हातात घेतली. तीन वर्षांत तिनं दोरी ओढली नव्हती. शंभर हिसक्यांतच तिचे दंड भरून आले, कमरेत कळ आली, पदर घामानं पाठीला चिकटला. कोकिळा चुलीपाशी बसून होती. ही पोर रोज हे करते, एका शब्दानं बोलत नाही, असं सोजराबाईच्या मनात आलं आणि तिनं दोरी आणखी जोरानं ओढली. लोणी आलं. वामनराव शेजारी बसले असताना ते कढलं. विड्याचं पान त्यांनी घालू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. कोकिळेचा भाऊ मोतीराम गाडी घेऊन दारात येऊन उभा होता, बैल जुंपलेलेच. पत्र्याची पेटी ओट्यावर आली होती. आणि अंगणात वामनराव लाकडी घोडीत तीन नळ्या लावत होते. एकीत तेल्याकडून आणलेलं सरकीचं तेल, एकीत काल कढलेलं तूप, तिसरी अजून रिकामी.

"ताडून पाहायला दुसऱ्या मुलखाचं, खात्रीचं तूप हवं होतं," ते म्हणाले.

कोकिळा उठली. तिनं पेटी उघडली, चिंधीतली बरणी काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली. "हे जानेफळचं हाये. माह्या मायच्या हातचं."

तिन्ही नळ्यांत त्यांनी दोन औषधं घातली. सडक्या मुळ्यासारखी घाण सुटली आणि कुंपणावरची माणसं मागं सरली. ते औषध पेट घेतं म्हणून आधी चुलीपासून लांब, नुसत्या गरम पाण्यात नळ्या धरल्या. घाण उडून गेल्यावर मग निखाऱ्यांवरच्या पातेल्यात. पाण्यात मूठमूठ मीठ टाकायला सांगितलं. मिठाचं पाणी साध्या पाण्याहून जास्त तापतं म्हणे. सोजराबाईनं तीस वर्षं रोज मीठ हाताळलं होतं आणि ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती.

मग वाट पाहणं. पातेलं खदखदत होतं. मोतीरामचे बैल माना हलवत होते. सोजराबाई उकिडवी बसली होती, तिच्या मांड्यांना मुंग्या आल्या तरी हलली नाही.

तेलाची नळी आधी बदलली. पिवळी होती ती नारिंगी झाली, मग डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. कुणी काही केलं नाही, कुणी रंग टाकला नाही, आतल्या आत ते फुललं. "बाप रे," कुंपणावरून कुणीतरी म्हणालं. आणि मग, सगळ्यांच्या देखत, शिक्क्यातल्या दुधाचं, सोजराबाईच्या हाताचं, तेलाचा थेंब न पाहिलेलं तूपही हळूहळू गुलाबी व्हायला लागलं. गुलाबीचं तांबडं झालं. जानेफळची नळी तशीच होती, शेवंतीसारखी पिवळी.

सोजराबाईला वाटलं, ही काच नाही, कुण्या देवाचा डोळा आहे, आणि तो काय बघतो आहे ते आपल्याला कळत नाही.

तेवढ्यात गोठ्यातून चांदी ओरडली. तिची चारायची वेळ टळून गेली होती. सोजराबाई सवयीनं उठली, भिजल्या सरकीचं टोपलं कडेवर घेतलं आणि अंगणातून निघाली.

"थांबा!" वामनराव ओरडले. "ते काय आहे?"

"म्हशीची सरकी, साहेब."

"किती घालता?"

"पहिले एक टोपलं. तुमची पहिली चिठ्ठी आली तवापासून दोन. तूप घट्ट व्हावं म्हणून."

वामनरावांनी टोपल्यात हात घातला. फुगलेली सरकी मुठीत दाबली. बोटांवर तेलाची चमक आली. ते एकदम हसले, आणि त्या हसण्यात हुशारी नव्हती, लहान पोराला झाडावर पोपट दिसावा तसा आनंद होता. "पुस्तकात एक ओळ वाचली होती," ते म्हणाले. "आज डोळ्यांनी पाहिलं. बाई, तेल तुपात कुणी घातलं नाही. म्हशीनं खाल्लेल्या सरकीची खूण दुधात उतरली, दह्यात टिकली, लोण्यात राहिली, कढवली तरी गेली नाही. जानेफळची म्हैस गवतावर आहे, म्हणून ते पिवळं. तुमचं तूप शुद्ध आहे. नळीही खरी आहे."

सोजराबाईनं टोपल्याकडं पाहिलं. मग त्या लाल नळीकडं. म्हशीनं परवा काय चघळलं ते या बोटाएवढ्या काचेला कळतं! चार पोटांतून, रक्तातून, कासेतून, विस्तवातून जाऊनही खाल्लेलं पुसलं जात नाही! तिच्या अंगावर काटा आला. देवळात घंटा वाजवतानाही तिला असं कधी झालं नव्हतं.

टोपलं तिनं खाली ठेवलं आणि ओट्यापाशी, पेटीजवळ उभ्या असलेल्या कोकिळेसमोर गेली. सगळं गाव बघत होतं, तेही तिला बरंच वाटलं. घरात बोलली होती, फिरवायचं मात्र गावादेखत.

"तेल मीच घालत होती, पोरी. माह्याच हातानं, रोज टोपलंभर. तू सांगतलं होतं मले पहिल्याच वर्षी, मी हासली." "म्हशीच्या पोटात गेलं ते तुपात उतरलं. तुह्या पोटात तं मी तीन वर्षं काय काय घातलं. तुह्या हातच्या लोण्यात कधी उतरू नाई देलं तू. मले माफ कर."

आता मात्र कोकिळा रडली, तोंडावर पदर घेऊन, उभ्या उभ्या. इंद्रभान पुढं झाला, त्यानं ओट्यावरची पेटी उचलली आणि कुणाला न विचारता आत नेऊन ठेवली. बऱ्याच वेळानं कोकिळेनं डोळे पुसले.

"दादा, बैल सोड. पाणी दाखव त्याइले," ती भावाला म्हणाली. मग सासूकडं न बघता, "चांदी उपाशी हाये, आत्याबाई. आता काय घालाचं तिले?"

"तू सांग," सोजराबाई म्हणाली.

सरकी बंद झाली. चांदी चार दिवस दाव्याला हिसके देत राहिली, दूध निम्म्यावर आलं. कोकिळा रोज नाल्याच्या काठचं गवत कापून भारा आणायची, तिचे तळहात चिरले. सोजराबाई त्यांना हळद लावायची. वामनरावांनी नागपूरला लांबलचक कागद लिहिला, की कापसाच्या मुलखातल्या तुपाला वेगळं माप लावा, इथं सरकी म्हणजे भेसळ नव्हे. उत्तर कधी येईल ते त्यांनाही माहीत नव्हतं. तीन आठवड्यांनी नळी फिकट गुलाबी झाली. पाच आठवड्यांनी दोघी सासूसुना डोक्यावर बरणी घेऊन पुन्हा धामणगावला गेल्या.

मिठाचं पाणी उकळलं. दोघी नळीसमोर बसल्या. अर्धा तास झाला, एक तास झाला. नळी पिवळी होती, पिवळीच राहिली. सोजराबाईनं नकळत हात जोडले.

वामनरावांनी छापाचा कागद पुढं ओढला, त्यावर आकडे होते आणि शिक्का होता. टाक बुडवला.

"तूप कुणी काढलं?"

"लिहा, कोकिळा इंद्रभान," सोजराबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, "अन् सरकी कोणी घातली होती, तेही लिहाचं असते काय?"

"त्याला कागदावर जागा नाही, बाई."

"मंग कागद लहान हाये तुमचा," सोजराबाई म्हणाली, आणि ओली शाई वाळावी म्हणून वाकून त्या नावावर हळूच फुंकर घालू लागली.